पहिल्यांदाच आर्क्टिकला जाताय? सूक्ष्म प्लवकांची भूक मोजणारा डायल्यूशन प्रयोग असा करा

ध्रुवीय समुद्रातलं वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवालं) कोण खातं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: कोपेपॉड आणि क्रिल, हे कोळंबीच्या जातकुळीतले छोटे जीव. पाठ्यपुस्तकातल्या चित्रातही तेच: डायटम (सिलिकाचं कवच असलेली शैवालं), त्यावर क्रिल, त्यावर देवमासा. पण जगभरातल्या मोजमापांचा ताळा २००४ साली कॅल्बेट आणि लँड्री यांनी घातला, तेव्हा ध्रुवीय भागातही वनस्पतीप्लवकाच्या रोजच्या वाढीतला साधारण ६० टक्के वाटा डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय शिकारी संपवतात असं निघालं. सिलिएट (अंगावरच्या बारीक केसांनी पोहणारे), परपोषी डायनोफ्लॅजेलेट आणि लहानसहान फ्लॅजेलेट (दोन्ही शेपटीसारख्या धाग्यांनी पोहणारे) असं हे मंडळ. ही सरासरी झाली. एखाद्या ठिकाणी, एखाद्या आठवड्यात आकडा शून्याजवळ असतो, तर कधी शंभरीच्याही पुढे जातो. म्हणूनच तर तिथे जाऊन मोजायचं.

हा लेख स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंडला, म्हणजे भारताच्या 'हिमाद्री' केंद्रावर, उन्हाळ्यात पहिल्यांदाच जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. समोरचा कोंग्सफिओर्ड (फिओर्ड म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्राचा अरुंद फाटा) हा आपला समुद्र. डायल्यूशन, म्हणजे समुद्राचं पाणी विरळ करून खाण्याचा दर काढायची ही पद्धत लँड्री आणि हॅसेट यांची, १९८२ सालची. कागदावर ती इतकी सोपी दिसते की सगळे बाटल्यांकडे धावतात. माझं मत उलटं आहे: आधी सूक्ष्मदर्शकात जिवंत पाणी बघा, मग मोजा. खाणारा कोण हे ठाऊक नसताना काढलेला खाण्याचा दर कशालाच उपयोगी पडत नाही.

१. कागदपत्रं

सुरुवात गोव्यातून होते. वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे (सगळे एनसीपीओआरच म्हणतात). हिमाद्री तेच चालवतं आणि प्रस्तावही तेच मागवतं. प्रस्ताव मंजूर झाला की ही यादी हाताशी ठेवा:

- पासपोर्ट आणि नॉर्वेमार्गे जाण्यासाठी शेंगेन व्हिसा. हा व्हिसा दोन किंवा अधिक प्रवेशांचा हवा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. ऑस्लोहून स्वालबार्डमधल्या लाँगइयरब्येनला गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परत येताना तो दुसरा प्रवेश ठरतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेतला तर परतीच्या वाटेवर अडकाल.
- वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला आणि प्रवास विमा.
- 'रिसर्च इन स्वालबार्ड'च्या नोंदवहीत प्रकल्पाची नोंद.
- रसायनांची यादी, सुरक्षापत्रकांसह. ॲसिटोन, फॉर्मालिन, आम्लयुक्त लुगोल (नमुने टिकवणारं आयोडीनचं द्रावण), ग्लुटाराल्डिहाइड यांतलं काहीही विमानातल्या बॅगेत चालत नाही. जे नॉर्वेत मिळतं ते तिथूनच मागवायची व्यवस्था करा आणि उरलेलं मालवाहतुकीनं बरंच आधी पाठवा.
- नमुने परत कसे येणार याचं नियोजन. हे सगळे शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. तसं करू नका.

न्यू-ऑलेसुंडची एक खासियत आधीच सांगून ठेवतो. तिथे रेडिओ-शांतता पाळतात, कारण गावातल्या रेडिओ-दुर्बिणी आणि मोजयंत्रांना लहरींचा उपद्रव होतो. वाय-फाय, ब्लूटूथ बंद. हल्ली बाजारात मिळणारे बरेच तापमान-नोंदक ब्लूटूथवरच चालतात, त्यामुळे खरेदी करताना केबलनं जोडता येणारेच घ्या. बिनतारी माऊससुद्धा घरीच राहू द्या.

२. सामान

पारदर्शक पॉलिकार्बोनेट बाटल्या एक लिटरच्या, किमान अठरा. २०० मायक्रॉनची जाळी. ०.२ मायक्रॉनचे कॅप्सूल फिल्टर, लागतील त्याच्या दुप्पट. सिलिकॉनची नळी (लॅटेक्सची नको, तिच्यातून झिरपणारं द्रव्य या जिवांना विषारी असतं). जीएफ/एफ काचतंतू फिल्टर, गाळणीचा सेट, फ्लुओरोमीटर (हा क्लोरोफिल मोजतो, आणि त्यावरूनच वनस्पतीप्लवक किती आहे ते धरतात). तपकिरी काचेच्या बाटल्या लुगोलसाठी. प्रकाश कमी करायच्या जाळ्या. तापमान-नोंदक दोन, कारण एक बंद पडतोच.

बाटल्या, नळ्या, पिंप सगळं १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून शुद्ध पाण्यानं नीट धुऊन घ्या. नवा कॅप्सूल फिल्टरही आधी विरळ आम्लानं, मग शुद्ध पाण्यानं आणि शेवटी दोन-तीन लिटर समुद्राच्या पाण्यानं धुवायचा. कोऱ्या फिल्टरमधून सेंद्रिय द्रव्यं सुटतात आणि नेमक्या सर्वांत विरळ बाटल्यांना त्यांचा सर्वांत जास्त फटका बसतो.

३. पाणी कुठलं घ्यायचं

कोंग्सफिओर्ड सुमारे २० किलोमीटर लांब आहे, आणि त्याच्या दोन टोकांना जणू दोन वेगळे समुद्र आहेत. मुखाशी उंच उंबरठा नसल्यामुळे पश्चिम स्पिट्सबर्गेन प्रवाहाचं कोमट, खारं अटलांटिक पाणी आत शिरतं. दुसऱ्या टोकाला क्रोनेब्रीनसारख्या हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. उन्हाळ्यात त्यांच्या वितळपाण्याबरोबर इतका गाळ येतो की पाणी तांबूस-तपकिरी होतं आणि प्रकाश काही मीटरांतच संपतो.

पहिला प्रयोग हिमनदीजवळच्या पाण्यावर करू नका. फोटो झकास येतात, पण मातीच्या कणांनी ०.२ मायक्रॉनचा फिल्टर बघता बघता चोंदतो आणि क्लोरोफिलच्या फिल्टरवर चिखलाचा थर बसतो. मधल्या किंवा बाहेरच्या भागातलं पाणी घ्या. हात बसला की मग आत जा, आणि तेव्हा आधी काचतंतू फिल्टरमधून गाळून मगच कॅप्सूलला लावा.

ऋतूही बघा. एप्रिल-मेमध्ये बहर असतो, डायटम आणि फियोसिस्टिस पुशेटी या वसाहती करणाऱ्या शैवालाचा. जुलै-ऑगस्टला पृष्ठभागावरचं नायट्रेट संपत आलेलं असतं, वनस्पतीप्लवक बारीक झालेलं असतं आणि सिलिएट-डायनोफ्लॅजेलेटांची चंगळ असते. डिसेंबर २०२३ पासून हिमाद्रीवर हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या आहेत. ध्रुवीय रात्रीतही इथले जीव झोपलेले नसतात. पण पहिल्या खेपेला उजेडातच जा.

सीटीडी (खोलीनुसार तापमान, क्षारता वगैरे मोजणारं यंत्र) उतरवून क्लोरोफिलचा थर कुठे आहे ते पाहा आणि निस्किन बाटलीनं (हव्या त्या खोलीवर बंद होणाऱ्या) तिथलंच पाणी घ्या. निस्किनच्या तोटीतून पाणी धो धो सोडायचं नाही. नळीचं टोक पिंपाच्या तळाशी, पाण्याखाली ठेवा आणि हळू भरा. नग्न सिलिएटांना कवच नसतं, फेसाळणाऱ्या पाण्यात ते फुटतात. तुमचा निम्मा शिकारी वर्ग पिंप भरतानाच मेला, तर पुढचं गणित कितीही सुबक असलं तरी खोटं असेल. किनाऱ्यावर येईपर्यंत पिंपावर काळं कापड टाका आणि ते सावलीत ठेवा.

४. मोजण्याआधी बघा

प्रयोगशाळेत आल्यावर लगेच, अर्ध्या तासाच्या आत, एक-दोन लिटर पाणी २० मायक्रॉनच्या जाळीवर उलट्या प्रवाहानं दाट करा. म्हणजे जाळी पाण्यात बुडवून आतलं पाणी काढत जायचं, जाळीवर वरून ओतायचं नाही. थेंब काचपट्टीवर घ्या. काचपट्टी आधीच बर्फावर थंड केलेली हवी. शून्याच्या आसपासच्या पाण्यात वाढलेला सिलिएट सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली पाहता पाहता गोल होतो आणि फुटतो. थेंब सारखे बदलत राहा.

काय दिसेल? बिनकवचाचे स्ट्रोम्बिडियम, उड्या मारणारे. मळसूत्री लाबोआ, एकदा पाहिला की विसरत नाही. टिंटिनिड, म्हणजे पेल्याच्या आकाराच्या घरात राहणारे सिलिएट: पॅराफाव्हेला, टिकोसिलिस, अकँथोस्टोमेला. तुम्ही पुढे कधी अंटार्क्टिकात भारती केंद्राजवळच्या प्रिड्झ उपसागरात काम केलंत तर तिथे सायमॅटोसिलिस आणि लाकमॅनिएला भेटतील, आणि हे दोघे दक्षिण ध्रुवाकडचेच, इकडे सापडत नाहीत. टिंटिनिडच्या घराच्या आकारावरून जात ठरवताना मात्र सावध राहा. एकाच जातीत घराचे आकार बदलू शकतात, त्यामुळे नुसत्या चित्रांवरून काढलेली 'विविधता' फुगलेली असण्याची शक्यता असते.

आता त्यांचं जेवण बघा. इथे घाई करू नका, कारण प्रयोगातला प्रत्येक विचित्र आकडा पुढे याच निरीक्षणानं उलगडतो.

सिलिएट तोंडाभोवतीच्या केसाळ पट्ट्यांनी पाण्याचा प्रवाह ओढतात आणि कण गाळून घेतात. त्यांचं भक्ष्य साधारण त्यांच्या लांबीच्या आठव्या हिश्शाइतकं. टिंटिनिडमध्ये घराच्या तोंडाच्या व्यासावरून अंदाज बांधता येतो: आवडतं भक्ष्य त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास.

डायनोफ्लॅजेलेटांचा खाक्या वेगळा. ते स्वतःच्या एवढंच भक्ष्य धरतात, कधी मोठंही. जायरोडिनियम डायटमची अख्खी साखळी गिळतो, आणि मग त्याचं अंग त्या साखळीच्या आकाराचं होतं. प्रोटोपेरिडिनियमला गिळायचीही गरज नसते. तो एक पातळ जाळं बाहेर सोडतो, डायटमभोवती गुंडाळतो, बाहेरच्या बाहेर पचवतो आणि रिकामं सिलिकाचं कवच टाकून निघून जातो. मोठ्या डायटमना फक्त कोपेपॉड खातात हा समज याच दोघांमुळे मोडला.

तिसरी मंडळी दोन्हीकडून जेवणारी. मेसोडिनियम रुब्रम क्रिप्टोफाइट नावाच्या शैवालांना खातो, पण त्यांची हरितलवकं पचवत नाही, ठेवून घेतो आणि वापरतो. लाबोआही असाच. अंटार्क्टिकातल्या रॉस समुद्रात एक डायनोफ्लॅजेलेट फियोसिस्टिसची हरितलवकं अशीच बाळगतो. तुमच्या प्रयोगाला यांचा थेट त्रास आहे. क्लोरोफिल मोजताना मेसोडिनियमचं क्लोरोफिल 'भक्ष्या'च्या खात्यात जमा होतं, आणि तो तर शिकारी आहे. पाण्यात तो भरपूर दिसला तर वहीत ठळक नोंदवा आणि त्या दिवशीच्या आकड्याकडे संशयानं पाहा.

शेवटी फियोसिस्टिसच्या चिकट वसाहती दिसतात का तेही पाहा. मोकळ्या पेशी लहान शिकारी सहज खातात, वसाहत झाली की ती त्यांच्या आवाक्याबाहेर जाते.

५. बाटल्या भरणे

तत्त्व एका वाक्यात: समुद्राचं पाणी त्याच्याच गाळलेल्या पाण्यानं विरळ केलं की शिकारी आणि भक्ष्य यांची गाठ कमी पडते, पण भक्ष्याच्या पेशीचा वाढीचा वेग तोच राहतो. जितकं विरळ, तितकं खाणं कमी.

पहिल्यांदा करताना चार पातळ्या घ्या: न गाळलेलं पाणी १००, ७०, ४० आणि २० टक्के. प्रत्येकी तीन बाटल्या, म्हणजे बारा. त्यात पोषकद्रव्यं टाकायची. शिवाय १०० टक्क्यांच्या आणखी तीन बाटल्या पोषकद्रव्यांशिवाय. एकूण पंधरा. न गाळलेलं पाणी साधारण १० लिटर आणि गाळलेलं ५ लिटरहून थोडं जास्त लागतं. सुरुवातीचे नमुने, खंगाळणं, सांडलवंड धरून ३० लिटर आणा. होडीत जागा नसेल तर दोनच पातळ्या, १०० आणि १० टक्के, पण बाटल्या जास्त, अशी सुटसुटीत पद्धतही आता बरेच जण वापरतात.

पोषकद्रव्यं कशाला? पूर्ण बाटलीत शिकारी जास्त, त्यामुळे त्यांच्या उत्सर्गातून अमोनियमही जास्त मिळतं. विरळ बाटलीत ते मिळत नाही, शैवाल उपाशी राहतं आणि वाढीचा वेग सगळीकडे सारखा हे गृहीतकच ढासळतं. उन्हाळ्यात फिओर्डमध्ये नायट्रेट-फॉस्फेट घालाच. पण शैवालं वाढवायच्या तयार मिश्रणातले सूक्ष्म धातू घालू नका, त्यांनी नाजूक सिलिएट मरतात. (दक्षिण महासागरात चित्र उलटं: नायट्रेट मुबलक, लोह दुर्मीळ. तिथे गंजलेल्या तारेवरून ठिबकलेलं पाणीही प्रयोग बिघडवू शकतं.)

क्रम असा: आधी गाळलेलं पाणी मापून बाटलीत, मग न गाळलेलं सायफननं, हळूवार, नळीचं टोक पाण्याखाली ठेवून. पिंप अधूनमधून हलक्या हातानं ढवळा, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या बाटलीतलं पाणी सारखं नसेल. कोपेपॉड वगळण्यासाठी २०० मायक्रॉनची जाळी सायफनच्या टोकाला पाण्यातच बांधा. बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा ठेवू नका.

६. चोवीस तास

बाटल्या प्रयोगशाळेत वाहत्या समुद्रपाण्याच्या टाकीत ठेवा, किंवा धक्क्यावरून समुद्रातच लटकवा. दोन गोष्टी बिघडतात, तापमान आणि प्रकाश.

तापमानाबद्दल एवढं लक्षात ठेवा की थंडीत शैवालांपेक्षा शिकाऱ्यांची वाढ जास्त मंदावते. २००७ साली रोज आणि कॅरन यांनी हा फरक मांडला, आणि थंड समुद्रांत वसंतातला बहर इतका फोफावतो त्यामागचं एक कारण हेच असावं असं सुचवलं. म्हणून टाकी दोन-तीन अंशांनी गरम झाली की खाण्याचा दर फुगतो. नोंदक बाटलीशेजारीच ठेवा. जहाजावर काम करणाऱ्यांनो, तुमच्या डेकवरच्या टाकीत जहाजाखालचं पाणी येतं. दक्षिण महासागरात जहाज मधल्या वेळात थंड आणि उबदार पाण्यांमधली सीमा ओलांडून उत्तरेला गेलं तर अंटार्क्टिक पाण्यातल्या बाटल्या उबदार पाण्यात बसतील.

प्रकाशाचा सापळा जास्त फसवा. एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत इथे सूर्य मावळत नाही. वीस मीटरवरचं पाणी उघड्यावर ठेवलं तर शैवालं प्रत्येक पेशीतलं क्लोरोफिल कमी करतात. पेशी तेवढ्याच राहतात, पण तुम्हाला वाटतं त्या खाल्ल्या गेल्या. पाणी ज्या खोलीवरून आणलं तिथल्याएवढाच प्रकाश जाळ्या गुंडाळून द्या.

गार पाण्यात २४ तासांत फरक फारच कमी दिसला तर ४८ तास ठेवणारेही आहेत. मी टाळतो, कारण जितका वेळ जास्त तितकी बाटलीतली दुनिया समुद्रापासून दूर जाते.

७. गाळणे आणि जतन करणे

सुरुवातीचे आणि शेवटचे, दोन्ही नमुने मंद उजेडात, कमी दाबानं जीएफ/एफवर गाळा. विरळ बाटल्यांतलं पाणी जास्त गाळा. फिल्टर ९० टक्के ॲसिटोनमध्ये उणे २० अंशांवर अंधारात एक रात्र, मग फ्लुओरोमीटर.

मोजणीसाठी दोन वेगळ्या बाटल्या लागतात. एक आम्लयुक्त लुगोलची, गडद कोऱ्या चहाच्या रंगापर्यंत. सिलिएट यातच सर्वांत चांगले टिकतात. पण लुगोलमुळे क्लोरोफिलची चमक झाकली जाते, म्हणजे हरितलवक बाळगणारा आणि न बाळगणारा यांत फरक करता येत नाही. त्यासाठी दुसरी ग्लुटाराल्डिहाइडची. ती डॅपी या डीएनए रंगवणाऱ्या चमकत्या रंगानं रंगवून काळ्या फिल्टरवर घ्या आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. हे लवकर करा, चमक टिकत नाही.

८. गणित

प्रत्येक बाटलीसाठी: शेवटचं क्लोरोफिल भागिले सुरुवातीचं, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, भागिले दिवस. हा निव्वळ वाढीचा दर. विरळ बाटल्यांचं सुरुवातीचं क्लोरोफिल गुणाकारानं काढतात, पण निदान सर्वांत विरळ पातळीचं प्रत्यक्ष मोजून पडताळा. मग आडव्या अक्षावर न गाळलेल्या पाण्याचं प्रमाण, उभ्यावर दर. रेषेचा उतार (उणे चिन्ह सोडून) म्हणजे खाण्याचा दर, आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो वनस्पतीप्लवकाच्या खऱ्या वाढीचा दर.

समजण्यासाठी मनातले आकडे घेऊ. पूर्ण बाटलीत क्लोरोफिल १.०० वरून १.२० झालं: दर ०.१८. वीस टक्क्यांच्या बाटलीत ०.२०० वरून ०.३०४: दर ०.४२. उतार उणे ०.३०, छेद ०.४८. म्हणजे रोजच्या वाढीतला सुमारे ६२ टक्के वाटा खाल्ला जातोय.

पोषकद्रव्यं न घातलेल्या बाटल्या विसरू नका. समुद्रातला खरा वाढीचा दर काढायचा तर त्यांच्या निव्वळ दरात खाण्याचा दर मिळवायचा.

रेषा नेहमी सरळ येत नाही. बहराच्या काळात भक्ष्य इतकं असतं की शिकारी पोट भरूनच असतात. थोडं विरळ करून त्यांना फरक पडत नाही आणि रेषेचं एक टोक सपाट होतं. उतार उलटाच आला, तर आधी गाळलेलं पाणी अस्वच्छ होतं का आणि प्रकाश बदलला का ते तपासा. दोन्ही ठीक असेल तर तो आकडा तसाच नोंदवा. शून्य किंवा उलटे उतार गाळून टाकले की सरासरी आपोआप फुगते.

९. नावं लावणे

लुगोलचा नमुना ५० ते १०० मिलिलिटर नलिकेत दोन दिवस स्थिर ठेवा, मग उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. टेबल कंपन पावत नाही ना ते बघा. लांबी-रुंदी मोजून आकारमान काढा. नुसत्या संख्येत लहान सिलिएट आणि महाकाय जायरोडिनियम सारखेच दिसतात.

डीएनएसाठी एक-दोन लिटर पाणी गाळून फिल्टर जतनद्रावणात ठेवा. खोलीच्या तापमानाला टिकणारं द्रावण घेतलंत तर परतीच्या प्रवासात कोरड्या बर्फाच्या विवंचनेतून सुटाल. '१८एस' या जीव ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकावरून मिळणारी यादी सूक्ष्मदर्शकापेक्षा खूप लांब असते, मात्र तिच्यातल्या आकड्यांना पेशींची संख्या समजू नका. डायनोफ्लॅजेलेटांच्या एकेका पेशीत या जनुकाच्या प्रचंड प्रती असतात, सिलिएटांतही बऱ्याच. यादीत ते नेहमी वरच दिसणार.

बाटल्यांवर पेन्सिलीनं लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटपट्टीखाली लावा, कारण ॲसिटोनचा एक थेंब मार्करची शाई पुसून टाकतो. लुगोलच्या बाटल्या गोव्यात पोचल्यावर उघडून रंग बघा. फिका पडला असेल तर त्याच दिवशी पुन्हा लुगोल घाला आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा. मोजणी शक्यतो सहा महिन्यांच्या आत उरका.